मिस्ड कॉलला उत्तर द्यायचं नसतं

सोळा जून, रविवार, सकाळचे अकरा. रक्कम एकोणसाठ हजार सहाशे. हजर तिघं: संस्थेचे अध्यक्ष, जे निवृत्त मुख्याध्यापक आहेत, संस्थेचा फोन सांभाळणाऱ्या ताई, आणि मी, मानद खजिनदार. सचिव आजारी होते. त्यांची सही दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन घेतली.

संस्था मेहकरात आहे आणि घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी काम करते. भाड्याच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत संगणक, प्रिंटर, कपाट आणि दर शनिवारी मी. आतल्या खोलीत ताई आणि त्या दिवशी जी कुणी आली असेल ती. मधलं दार लावलेलं असायचं, पण दार प्लायवूडचं होतं. एरवी मी एका बियाण्याच्या दुकानात हिशेब लिहितो. इथं नऊ वर्षं बिनपगारी लिहिले. त्या नऊ वर्षांत दाराआडून मी कमरेचे पट्टे ऐकले, गरम उलथनी ऐकली, केसाला धरून विहिरीच्या काठापर्यंत ओढत नेलेलं ऐकलं. ऐकता ऐकता बेरीज करत राहिलो. एकदा ताई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सर, एक पाकीट द्या लहानसं." कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "दात ठेवायले. डॉक्टरले दाखवा लागते." मी पाकीट दिलं आणि लेखनसामग्रीतून एक पाकीट वजा केलं. मी कसा माणूस आहे, हे यावरून कळावं.

त्या वर्षी देणगीदारांनी कळवलं होतं की फोन, इंटरनेट, संगणक असल्या खर्चाला यापुढे वर्षाला वीस हजारांवर पैसे मिळणार नाहीत. आमचे होत होते एकोणसाठ हजार सहाशे. कपातीचा कागद मी चार दिवस बसून केला होता आणि तो चांगला होता, हे आजही म्हणतो. इंटरनेटच्या दोन जोडण्या होत्या, एक काढली. हिशेबाचं सॉफ्टवेअर धर्मादाय संस्थांना एक तृतीयांश किमतीत मिळतं, हे आम्हाला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. अर्ज केला, मिळालं. वेबसाइट साधी केली. दोन माणसांच्या हजेरीसाठी लावलेलं अंगठ्याचं मशीन भिंतीवरून उतरवलं. शाई भरून घ्यायची ठरवली. शेवटी राहिले फोन. तीन नंबर, दरमहा प्रत्येकी तीनशे, वर्षाचे दहा हजार आठशे.

दोन नंबर बंद करण्याला कुणाची हरकत नव्हती. तिसरा ताईंचा होता. बटणांचा जुना फोन, त्याच्या पाठीला रबर लावलेलं. हाच नंबर गावोगावच्या पिठाच्या गिरणीत आणि रेशनच्या दुकानात रंगवलेला होता. त्यासाठी मी एक कंपनी शोधली होती. नंबर तोच राहणार, फोन त्यांच्या यंत्रणेतून ताईंच्या हातातल्या कुठल्याही मोबाइलवर येणार, प्रत्येक कॉलची नोंद आपोआप होणार आणि साधी योजना फुकट. शिवाय जो कॉल उचलला गेला नाही, त्याला यंत्रणा स्वतःच मेसेज पाठवणार.

हा मेसेज मला फार आवडला होता. कारण मी मे महिन्याची ताईंची वही तपासली होती. मिस्ड कॉल त्रेसष्ट. त्यातल्या ज्यांना परत फोन केला, ते चार.

मी हा आकडा बैठकीत वाचून दाखवला.

ताई म्हणाल्या, "सर, त्यायले वापस फोन नसते करत."

"का नाही करत?" मी विचारलं.

"बाई मिस्ड कॉल देते. एक देला त बरी हाय. लागोपाठ दोन देले त मले जा लागते."

"ते बरोबर आहे ताई. पण त्रेसष्टला चार म्हणजे देणगीदार काय म्हणेल?"

त्या काहीतरी बोलणार होत्या. मी पुढचा मुद्दा घेतला. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ताई, सर रात्रंदिवस खपले आहेत यावर." ताईंनी वही मिटली. देऊळघाटजवळच्या एका बौद्ध कुटुंबातून आलेली ही बाई, स्वतः नवऱ्याचं घर सोडून शिकलेली, अठ्ठावीस गावांत एकटी फिरणारी. तिला मी एका आकड्यानं गप्प केलं. ठराव मंजूर झाला. बेचाळीस हजार वाचले. खर्च उरला सतरा हजार सहाशे, मर्यादेच्या दोन हजार चारशे आत.

मेसेजची जागा कोरी होती. मजकूर आपला आपण भरायचा होता. तो मी घरी बसून लिहिला. "नमस्कार. आपला फोन घेता आला नाही, क्षमस्व. आपण एकट्या नाही. लवकरच संपर्क करू." खाली संस्थेचं नाव आणि मेहकरचा पत्ता. बायकोला वाचून दाखवला. ती कणीक मळत होती. "चांगला हाय," म्हणाली.

एक जुलैपासून यंत्रणा सुरू झाली. अध्यक्षांच्या सुनेचा जुना मोबाइल ताईंना दिला. त्यांना येणारे कॉल दिसत होते. जाणारे मेसेज दिसत नव्हते, कारण ते त्यांच्या फोनवरून जातच नव्हते.

बावीस जुलैला, सोमवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास एका बाईनं लागोपाठ दोन मिस्ड कॉल दिले. मेहकरहून बीबी गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बरीच गावं आहेत, त्यातलं एक तिचं. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही, आणि त्याचा हिशेब तिच्या पाठीवर होत होता. मे महिन्यात तिनं ताईंना पहिल्यांदा पाठ दाखवली होती. त्या दिवशी सकाळी नवरा शेतात जाताना सांगून गेला होता की संध्याकाळी तो आणि त्याचा मोठा भाऊ मिळून तिचं "कायमचं पाहतील". म्हणून दोन मिस्ड कॉल. ताईंनी शिकवल्याप्रमाणे तिनं कॉलची यादी पुसली, फोन फळीवर ठेवला आणि भाकरी टाकायला बसली.

पुढचं मी तिच्या तोंडून ऐकलं, ते तसंच लिहितो.

नवरा जेवायला लवकर आला, कारण निंदणाऱ्या बाया आल्या नव्हत्या आणि तो चिडलेला होता. तो हात धूत असताना फळीवरचा फोन वाजला. एकदाच, मेसेजचा वाजतो तसा. त्या गावात रेंज धड नसते, मेसेज उशिरा पोचला होता. लगेच पुन्हा वाजला, कारण मिस्ड कॉल दोन होते आणि यंत्रणा प्रत्येकाला उत्तर देत होती. त्यानं ओल्या हातानंच फोन घेतला. वाचला. मग मोठ्यानं वाचला. मग तिला म्हणाला, "उठ व." ती उठली. तिच्यासमोर धरून पुन्हा वाचला.

"आपण एकट्या नाही. कोन हाय व तुह्यासंग?"

पहिला मार हातानं होता. दुसरा चुलीतल्या लाकडानं. तिनं सांगितलं की तोपर्यंत तिला नेहमीचंच वाटत होतं, सुटू असं वाटत होतं. मग त्यानं तिचा उजवा हात धरून पाट्यावर ठेवला, स्वतःचा गुडघा तिच्या मनगटावर रोवला आणि वरवंटा उचलला.

"सांग, कोन्या बोटानं लावला?"

त्यानं तर्जनीपासून सुरुवात केली. मग मधलं. तिसऱ्याला ती बेशुद्ध पडली म्हणून तिसरं वाचलं. त्यानं भाकरी खाल्ली, बाहेरून कडी घातली आणि तो शेतात गेला.

ताई साडेअकराच्या त्या दोन मिस्ड कॉलवर निघाल्या होत्या. त्यांच्याकडे एक कापडी पिशवी कायम भरलेली असते, पापड आणि कुरडयांची. बचत गटाची बाई म्हणून त्या कुठल्याही घराच्या ओट्यावर बसू शकतात. बारा वाजताची बस पकडून त्या पोचल्या तेव्हा दोन वाजले होते. शेजारणीला म्हणाल्या, "पापडाचे पैशे राह्यले व्हते हिच्याकडं," आणि कडी काढली. पापडाची पिशवी तिथंच राहिली. बाईला त्यांनी रस्त्यापर्यंत खांद्यावर आणलं आणि एका मालवाहू ऑटोत खताच्या पोत्यांवर निजवून मेहकरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथून बुलढाण्याला.

मला दुसऱ्या दिवशी निरोप आला. पोलिसांचा जबाब झाला होता. संस्थेकडे ठेवायची प्रत स्वच्छ अक्षरात लिहून हवी होती आणि अक्षर माझं चांगलं. मी दुकानातून रजा टाकून बुलढाण्याला गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या आणि बाईच्या मध्ये दार नव्हतं. डोळा बंद झालेला, ओठ शिवलेला, हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. ती सांगत होती, मी लिहीत होतो. मेसेजपर्यंत आलो आणि माझं पेन थांबलं. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी त्या फोनचा फोटो पोलिसांकडून घेतला होता. मोबाइल माझ्यापुढं केला. माझंच वाक्य होतं, माझ्याच पूर्णविरामांसकट.

बाई म्हणाली, "सायेब, थो मेसेज कोनं लिवला व्हता?"

मी म्हणालो, "मी."

"चांगला व्हता," ती म्हणाली. "त्यानं तीनदा वाचला."

बसस्टँडवर ताई माझ्या शेजारी बाकावर बसल्या होत्या. मी म्हणालो, "ताई, मला सांगायला पाहिजे होतं."

"सांगतलं व्हतं ना सर. तुम्ही त्रेसष्ट-चार करत व्हते."

त्या रागानं बोलल्या नाहीत. रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी कंपनीचे नियम पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचले. फुकट योजनेत आपोआप जाणारा मेसेज बंद करता येत नाही. बंद करायचा असेल तर महिन्याला दोनशे रुपये. बारा महिन्यांचे दोन हजार चारशे. माझ्या कागदावर मर्यादेच्या आत नेमके तेवढेच उरले होते. पहिले दोनशे मी तिथंच भरून तो बंद केला; तोवर, एक जुलैपासून, सत्तेचाळीस मेसेज गेले होते. तिचे दोन सोडले तर पंचेचाळीस, तितक्याच वेगवेगळ्या नंबरांना. ताईंनी ते नंबर कागदावर उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवशीपासून नव्या पिशवीत नवे पापड घालून एकेका गावाला जाऊ लागल्या. एका बाईचा फोन सासऱ्यानं दगडानं फोडला होता. एकीला आठ दिवसांपासून कुणी पाहिलं नव्हतं. माहेरी गेली असं सांगत होते, आणि ती खरंच माहेरी होती, पण पाठीला चटके घेऊन. एक जण ओट्यावर येऊन ताईंना म्हणाली, "आता नको येऊ, माय," आणि आत गेली. या सगळ्या मी शनिवारी कामाला बसायच्या आत घडलेल्या गोष्टी.

सत्तावीस जुलै, शनिवार. मेसेजमध्ये पत्ता होता, त्यामुळे त्यांना शोधावं लागलं नाही. दुपारी बाराच्या आसपास तिचा नवरा आणि त्याचा थोरला भाऊ आले. ताई बाहेरच्याच खोलीत होत्या, गावांची यादी करत. थोरला दारात उभा राहिला आणि त्यानं दार आपल्यामागं लोटलं. नवरा बारीक होता, माझ्या खांद्याएवढा. मी मनात कुणी दांडगा माणूस धरून बसलो होतो.

"मह्या बायकोले मेसेज कोनं धाडला?" तो म्हणाला. हातात तिचा फोन नव्हता, तो पोलिसांकडे होता. पण त्यानं मजकूर पाठ म्हणून दाखवला. क्षमस्वसकट.

ताई म्हणाल्या, "भाऊ, पोलीस तुम्हाले शोधून राह्यले. इथं काऊन आले?"

"तू गप व. तूच नेली तिले." थोरल्यानं ताईंचा अंबाडा धरला आणि त्यांचं डोकं कपाटावर आपटलं. लोखंडी कपाट. त्याचा आवाज मी अजून ऐकतो. नवऱ्यानं संगणकाचा पडदा दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर टाकला आणि त्यावर पाय दिला. मग प्रिंटर. मग कीबोर्ड उचलला आणि आडवा माझ्या तोंडावर मारला. माझा वरचा एक दात तुटला आणि जिभेवर आला. मला त्या क्षणी त्या लहान पाकिटाची आठवण झाली, हे खरं आहे.

टेबलावर कागदाला भोकं पाडायचं जुनं पंच मशीन होतं, ओतीव लोखंडाचं, सव्वा किलोचं. ते माझ्या हातात आलं. पहिला घाव मी त्याच्या दंडावर मारला, कारण त्यानं कीबोर्ड पुन्हा उगारला होता. दुसरा खांद्यावर, त्यानं तो खाली पडला. मग मी त्याच्यावर बसलो. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. मी मोजत होतो. मोजायची मला सवय आहे, ती अशा वेळीही सुटली नाही. हाताखाली गळ्याजवळचं हाड मोडल्याचं कळलं आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. सातवा मी त्याच्या उजव्या हातावर मारला. बोटांवर. निवडून.

"सर! बस करा! मरन तो!" ताई माझ्या सदऱ्याला लटकल्या होत्या. त्यांच्या कपाळावरून रक्त वाहत होतं. थोरला केव्हाच पळाला होता, खाली रस्त्यावर जाऊन "मारला, मारला" ओरडत होता.

सातांपैकी पहिले दोन गरजेचे होते. उरलेल्या पाचांचा खुलासा माझ्याकडे नाही.

संध्याकाळी बायको मिठाच्या पाण्याचा पेला घेऊन आली. मी चूळ भरली, लाल पाणी मोरीत गेलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाले मारता येते, हे मले माहीत व्हतं."

एवढंच बोलून ती पेला विसळायला गेली. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी गॅसची पावती हरवली म्हणून मी तिच्या कानाखाली मारली होती. एकदाच. पावती नंतर माझ्याच पाकिटात सापडली होती. ती हे विसरली असेल असं मी वीस वर्षं धरून चाललो होतो. नऊ वर्षं प्लायवूडच्या दाराशी बसून मी तिकडच्या माणसांना "ते लोक" म्हणत आलो होतो.

नवऱ्यावर तिचा गुन्हा होताच. आता त्यानं माझ्यावर दाखल केला: जिवे मारण्याच्या उद्देशानं हल्ला. आणि तिथून सौदा सुरू झाला. दोन ऑगस्टला ठाण्यात बोलावलं. त्यांच्याकडून नवऱ्याचे मामा आले होते, धोतर-टोपीतले, तालुक्यात वजन असलेले, बोलायला गोड. जामिनावर सुटलेला नवरा गळ्यात हात अडकवून बाकावर बसला होता, बोटं पट्टीत. आमच्याकडून अध्यक्ष, ताई, मी, आणि ती. तिला आदल्याच दिवशी दवाखान्यातून सोडलं होतं.

मामा अध्यक्षांना म्हणाले, "गुर्जी, तुम्ही मास्तर माणूस. हे खजिनदार घरंदाज माणूस. पोरंबाळं हायेत. कायले कोर्टाच्या पायऱ्या? पोरगी तिची तक्रार मागं घेते, आमचा पोरगा त्याची घेते. कंप्युटरचे पंचवीस हजार आत्ता देतो. आन पोरगी आमच्या घरी येते. आता नाई हात लावत कोनी तिले. मी जबान देतो."

अध्यक्ष मला बाजूला घेऊन गेले. "खजिनदारावर असा गुन्हा असताना देणगीदार एक रुपया देणार नाही," ते म्हणाले. "संस्था बंद पडेल. विचार करा." ते चुकीचं बोलत नव्हते. पंचवीस हजारांत जुना संगणक, जुना प्रिंटर आणि वर काही उरलं असतं. हा हिशेब मी न सांगताच माझ्या डोक्यात होऊन गेला होता.

आम्ही परत आलो तेव्हा ती उभी राहिली होती. डावा हात उजव्याखाली धरून. "सायबाच्या मागं कोर्ट नको," ती म्हणाली. "सायबाले लेकरं हायेत. मी जाते घरी."

"बस, झालं!" मामा म्हणाले. "शहाणी पोरगी हाय."

बाकावरून नवरा तिच्याकडे पाहत होता. तो तिच्या तोंडाकडे पाहत नव्हता. पट्टीतून बाहेर राहिलेल्या तिच्या दोन बोटांकडे पाहत होता. अनामिका आणि करंगळी. अंगठाही शाबूत होता. राहिलेलं काम माणूस जसं नजरेनं मोजतो, तसा. ती नजर मला ओळखू आली. तशीच मी सातवा घाव निवडताना टाकली असणार.

मी हवालदारांच्या टेबलापाशी गेलो आणि म्हणालो, "साहेब, माझा जबाब लिहून घ्या."

"कसला जबाब? मिटून राह्यलं ना."

"सात मारले. पहिले दोन बचावाचे. तो खाली पडल्यावर पाच. शेवटचा मुद्दाम बोटांवर. हे माझं म्हणणं आहे आणि मी त्यावर सही करतो."

मामांचा चेहरा बदलला. "येडे झाले का तुम्ही?"

"जो गुन्हा तुम्ही मागं घेणार होते, तो मीच कबूल केला," मी म्हणालो. "आता तुमच्याकडं विकायला काही राहिलं नाही."

हवालदारांनी पेन हातात घेतलं. "वकिलाले विचारा आधी," ते म्हणाले. मी म्हणालो, लिहा. त्यांनी लिहिलं. नवरा बाकावरून उठून मला शिवी देत पुढं आला, त्याला शिपायानं धरून बसवलं. ताईंनी तिला खांद्याला धरलं. ती रडत नव्हती. तिनं ताईंना हळू विचारलं, "मंग मले जा नाई लागत घरी?"

"नाई," ताई म्हणाल्या.

अध्यक्षांनी त्याच आठवड्यात माझा राजीनामा मागितला आणि मी तो आधीच लिहून ठेवला होता. देणगीदारांनी त्या वर्षाचे पैसे दिले नाहीत. संस्था अजून आहे, एका खोलीत. माझा खटला चालू आहे, तिचाही. मी तारखेला जातो, नवराही येतो. त्याचं हाड वाकडं जुळलंय. आम्ही एकाच वडाखाली थांबतो आणि एकमेकांकडे पाहत नाही.

जे द्यायचं होतं ते मी माझ्या खिशातून दिलं, पावत्या माझ्याकडे आहेत. तिच्या बोटांत घातलेल्या तारांचे बेचाळीसशे, बुलढाण्याच्या औषध दुकानदाराला. तर्जनी वाकत नाही. माझ्या जामिनाची आणि वकिलांची पहिली रक्कम आठ हजार, वकिलांना. तो नंबर कंपनीकडून सोडवून बटणांच्या नव्या फोनवर आणला, त्याचे चौदाशे, मेहकरच्या मोबाइलवाल्याला. आता तो फोन वाजला तर ताई वहीत एक रेघ ओढतात. दोनदा वाजला तर पिशवी उचलतात. पंचेचाळीसपैकी एकतीस बायका पुन्हा मिस्ड कॉल देऊ लागल्या आहेत. चौदांचा नाही.

शेवटचा खर्च ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातला. सकाळी बसस्टँडवर ताई, ती आणि मी. बायकोनं तिच्यासाठी डबा आणि दोन साड्या दिल्या होत्या. गाडी लागली. ती डाव्या हातानं दांडा धरून चढली. वाहकानं विचारलं, कुठं? मी सांगितलं. बायकांना अर्धं तिकीट असतं, तेवढे सुटे पैसे मी वाहकाच्या हातात मोजून दिले. ते मी कुठं लिहिलेले नाहीत. गावही नाही आणि रक्कमही नाही, कारण रकमेवरून अंतर काढता येतं.